घरगुती वाफ्यातील ओट : पेरणी, कापणी आणि तुसाचा प्रश्न

प्रास्ताविक

पेरणीपासून कापणीपर्यंतचा प्रवास सांगितला की एखाद्या धान्याच्या शेतीचे वर्णन पूर्ण झाले, असे सामान्यतः मानले जाते. ओट या धान्याच्या बाबतीत मात्र खरा कठीण टप्पा कापणीनंतर सुरू होतो. घरालगतच्या लहानशा तुकड्यात, केवळ हातकामाच्या बळावर ओट पिकविणे फारसे अवघड नाही. पिकविलेला ओट घरच्या घरी खाण्यायोग्य करणे मात्र अतिशय कष्टाचे आहे. या दोहोंमधील अंतर ज्या एका गोष्टीमुळे पडते, ती म्हणजे दाण्याला वेढणारे तूस. प्रस्तुत लेखात या तुसाच्या अनुषंगाने ओटच्या हातशेतीचा विचार केला आहे. त्यासाठी मुख्यतः स्कॉटलंडचा आधार घेतला आहे, कारण ओट हे ज्यांचे रोजचे अन्न होते अशा छोट्या शेतकरी कुटुंबांच्या पद्धतींची तेथील माहिती विपुल प्रमाणात उपलब्ध आहे.

वनस्पती आणि वाफा

ओट (अव्हेना सटायव्हा) हे तृणकुलातील पीक मूळचे शेतातले तण होय. पश्चिम आशियातून गहू व सातू युरोपात सरकत गेले, तेव्हा त्यांच्या बियाण्यात मिसळून रानटी ओटही उत्तरेकडे गेला. थंड, दमट हवेत आणि आम्लधर्मी, निकस जमिनीत मुख्य पिके मागे पडली व हे तण मात्र तग धरून राहिले. पुढे माणसाने त्यालाच पीक मानले. या उगमाच्या खुणा त्याच्या स्वभावात आजही आढळतात. ओटला फार सुपीक जमीन लागत नाही, उन्हाचा कडाका सोसत नाही आणि पाऊस मात्र भरपूर चालतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर, जेथे गव्हाचे पीक खात्रीचे नाही, तेथे ओट आणि सातू या दोन धान्यांवरच शतकानुशतके घरे चालली. यूस्ट बेटांच्या वालुकामय किनारपट्टीवर 'लहान ओट' (अव्हेना स्ट्रिगोसा) ही वेगळी जाती समुद्रशेवाळाचे खत घालून आजही घेतली जाते. याच बेटांवर जेथे बैलाचा वा घोड्याचा नांगर चालू शकत नसे, तेथे 'कास-क्रोम' नावाचा, पायाने दाबून चालवायचा वाकडा नांगर जमीन उलथण्यासाठी वापरला जात असे.

हातपेरणीची रीत साधी आहे. थंड देशांत मार्च-एप्रिलमध्ये जमीन भुसभुशीत करून बी फोकून पेरतात आणि दाताळ्याने मातीआड करतात. दर चौरस मीटरला पंधरा ते वीस ग्रॅम बी पुरते. म्हणजे दहा चौरस मीटरच्या वाफ्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम. दाट पेरलेला ओट तणांना वर येऊ देत नाही, त्यामुळे निंदणीचे कामही बेताचेच राहते. पेरणीनंतर साधारण चार-पाच महिन्यांत पीक कापणीस येते. या अवधीत पाखरांखेरीज फारशी चिंता नसते.

कापणी आणि सुकवण

कापणीची वेळ साधणे हे पहिले कौशल्य. ओटला गव्हासारखी घट्ट ओंबी नसते. मोकळा, झुलता तुरा असतो आणि त्यातील दाणे वरून खाली क्रमाक्रमाने पिकतात. सर्व दाणे पिकेपर्यंत थांबल्यास शेंड्याकडचे, म्हणजे सर्वांत टपोरे दाणे गळून पडतात. म्हणून काडावर किंचित हिरवट छटा असताना आणि दाणा नखाने दाबल्यास जेमतेम खूण उमटत असताना पीक कापतात. लहान वाफ्याला विळा पुरतो. कापलेल्या काडाच्या पेंढ्या ओटच्याच काडाने बांधतात आणि सहा-आठ पेंढ्या तुरे वर ठेवून एकमेकींना टेकवून शेतातच उभ्या करतात. गव्हापेक्षा ओटचे काड ओलावा अधिक काळ धरून ठेवते. त्यामुळे चर्चची घंटा तीन रविवारी ऐकू येईपर्यंत ओटच्या पेंढ्या शेतात उभ्याच राहू द्याव्यात, असा संकेत इंग्लंडमध्ये रूढ होता. धार्मिक वाटणाऱ्या या संकेतामागील हिशेब मात्र निव्वळ आर्द्रतेचा आहे. ओल्या पेंढ्यांची सुडी रचली तर ती आतून तापते आणि दाण्याला बुरशी लागते.

सुकलेल्या पेंढ्यांची मळणी चामड्याच्या वादीने जोडलेल्या दोन काठ्यांनी झोडपून करीत. स्कॉटलंडमधील जुन्या कोठारांना समोरासमोर दोन दारे आढळतात. ती उघडली की वाऱ्याचा झोत आरपार जाई आणि मधल्या जमिनीवर धान्य उफणता येई. वावडीवर उभे राहून सुपाने धान्य वारवणाऱ्या मराठी शेतकऱ्याला या रचनेचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

येथपर्यंत गहू आणि ओट यांच्या वाटा जवळपास समान आहेत. मळणी-उफणणीनंतर गहू दळायला तयार असतो, ओट नसतो.

तूस

ओटच्या प्रत्येक दाण्याभोवती दोन कठीण तुसे घट्ट मिटलेली असतात. मळणीत दाणा तुऱ्यापासून सुटतो, तुसापासून सुटत नाही. एकूण वजनाचा पाव ते सुमारे तीस टक्के भाग हे तूसच असते. ते माणसाला पचत नाही आणि दळले तर पिठात काट्यांसारखे टोचते. घोड्याला मात्र ते चालते. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात, जे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात ते स्कॉटलंडमध्ये माणसे खातात, अशा आशयाची व्याख्या देऊन स्कॉटिश लोकांना डिवचले होते. या प्रसिद्ध टोमण्यात एक गोष्ट मात्र सुटली : घोड्याचे धान्य आणि माणसाचे धान्य यांच्यामध्ये श्रमाची एक मोठी पायरी आहे.

ती पायरी अशी. सातूच्या दाण्याला तूस चिकटलेले असते. ओटचे तूस चिकटलेले नसते, नुसते आवळून बसलेले असते. म्हणून ओट आधी भट्टीवर मंद आचेने वाळवतात. तूस ठिसूळ होते. मग गिरणीच्या दोन दगडांमधील अंतर दाण्याच्या लांबीइतके मोठे ठेवून त्यातून ओट सोडतात. दाणा दगडांमध्ये उभा राहतो, तूस तडकते आणि आतला गर बहुतांशी अखंड बाहेर पडतो. पुन्हा उफणणी होते आणि त्यानंतर, दगड जवळ आणून, प्रत्यक्ष दळण. भट्टी, दोनदा दळण आणि दोनदा उफणणी हे सारे एकेका घराला झेपण्यासारखे नव्हते.

भट्टीचे आणखी एक, तितकेच महत्त्वाचे काम आहे. ओटच्या गरात गव्हाच्या तिपटीच्या आसपास स्निग्धांश असतो आणि त्या स्निग्धांशाचे विघटन करणारे विकर दाण्यातच असते. दाणा अखंड असेपर्यंत ते निपचित राहते. दाणा फुटला वा दळला की काही दिवसांतच पीठ कडवट होते. उष्णतेने हे विकर निष्प्रभ होते. रसायनशास्त्राने याचा उलगडा करण्याच्या कित्येक शतके आधी स्कॉटलंडच्या गृहिणीला भट्टीवरचे पीठ टिकते आणि कच्चे पीठ टिकत नाही, एवढे पक्के ठाऊक होते.

गिरणीची सक्ती

जे काम घरात होत नाही, त्यावर दुसऱ्याची सत्ता चालते. स्कॉटलंडमध्ये 'थर्लेज' नावाची सरंजामी बांधीलकी होती. कुळाने आपले धान्य जमीनदाराने नेमून दिलेल्या गिरणीतच दळले पाहिजे आणि त्यातला ठरावीक हिस्सा गिरणीला दिला पाहिजे, असा तिचा आशय. याशिवाय गिरणीचा पाट दुरुस्त करणे, छप्पर शाकारणे, नवे दगड खाणीतून ओढून आणणे ही वेठही कुळांच्याच माथी असे. १७९९ च्या कायद्याने ही बांधीलकी ठरावीक देण्यात बदलून घेण्याची सोय झाली. परंतु थर्लेजचे उरलेसुरले कायदेशीर अवशेष पुसण्यासाठी स्कॉटिश संसदेच्या २००० च्या सरंजामी भूधारणा निर्मूलन कायद्यात स्वतंत्र कलम घालावे लागले, ही बाब उल्लेखनीय आहे.

या पार्श्वभूमीवर हेब्रिडीजमधील 'ग्रॅडन' या पद्धतीकडे पाहिले पाहिजे. मूळचे स्काय बेटावरचे असलेले मार्टिन मार्टिन यांनी १७०३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. बाई मूठभर तुरे हातात धरते, त्यांना आग लावते आणि तूस जळून दाणा करपण्याच्या नेमक्या आधीच्या क्षणी काठीने दाणे झोडून पाडते. कापणी झाल्यापासून तासाभरात धान्य स्वच्छ करून, दळून, भाजून भाकरी तयार होऊ शकते, असे ते नोंदवतात. दळण अर्थातच घरच्या हातजात्यावर. १७७३ मध्ये या बेटांवर फिरलेल्या जॉन्सन यांनी ही रीत पाहून, गुरांचा चारा जाळून टाकणारा हा अदूरदर्शीपणा आहे, असा शेरा आपल्या १७७५ च्या प्रवासवर्णनात मारला. चाऱ्याचे नुकसान होत होते हे खरेच. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही आहे. एका मुठीच्या जाळात मळणी, तूस काढणे, वाळवण आणि विकराचा बंदोबस्त ही चारही कामे उरकत होती. त्याला ना भट्टी लागे, ना इंधन, ना गिरणी. काडाच्या बदल्यात घराला धान्यावरचा ताबा मिळत होता. हा सौदा अडाणीपणाचा होता, असे म्हणता येत नाही.

तूसही वाया जात नसे. गिरणीतून परत मिळालेल्या तुसाला थोडे पीठ चिकटलेले असे. ते पाण्यात कित्येक दिवस भिजवून आंबवत, गाळून घेत आणि तळाशी बसलेला साका शिजवून 'सोवन्स' नावाची आंबट पेज करीत. आंबील ज्यांना परिचित आहे त्यांना तिची चव कल्पनेने कळेल.

नग्न ओट

तुसाच्या प्रश्नाचे उत्तर अन्यत्र वनस्पतीनेच दिले. चीनमध्ये शान्सी, हपे आणि अंतर्गत मंगोलिया या थंड, कोरड्या डोंगराळ भागांत 'नग्न ओट' (अव्हेना न्यूडा) पिकतो. त्याचे तूस पातळ व सैल असते आणि गव्हाप्रमाणे मळणीतच दाणा मोकळा होतो. मात्र स्निग्धांशाचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. म्हणूनच तेथील परंपरेत ओट 'तीनदा शिजवतात' : दळण्यापूर्वी दाणे भाजतात, उकळत्या पाण्याने पीठ मळतात आणि शेवटी वाफवतात. पहिल्या भाजणीचे कार्य स्कॉटिश भट्टीसारखेच आहे.

आज घरच्या वाफ्यात हौसेने ओट घेणाऱ्यांना याच कारणास्तव नग्न ओट सुचविला जातो. त्याचे उत्पादन तुलनेने कमी, पाखरांचा उपद्रव अधिक आणि दाण्याला तुसाचे कवच नसल्याने साठवणही जपून करावी लागते. शिवाय काही दाणे तुसासकट निघतातच. ते निवडून काढावे लागतात. हातशेतीत दर चौरस मीटरला दोनशे ते अडीचशे ग्रॅम धान्य धरले, तर दहा चौरस मीटरच्या वाफ्यातून दोन-अडीच किलो हाती येते. रोज चाळीस ग्रॅमची पेज करणाऱ्या एका व्यक्तीला ते जेमतेम दोन महिने पुरेल. हा आकडा कोणाला निराशाजनक वाटेल. परंतु एका वाटीमागे किती जमीन आणि किती हात लागतात, याचे इतके स्वच्छ माप दुसरे मिळणे कठीण.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रात ओट धान्यासाठी जवळजवळ घेतला जात नाही. तो रब्बीतील हिरवा चारा आहे. दूध उत्पादक शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाण्याखालच्या लहान तुकड्यात तो पेरतात आणि पन्नास-साठ दिवसांनी पहिली कापणी घेतात. 'केंट' हा वाण त्यासाठी दीर्घकाळ प्रचलित आहे. दाणा भरण्याआधीच पीक गोठ्यात जात असल्याने तुसाचा प्रश्नच उद्भवत नाही.

तो प्रश्न इथे वेगळ्या धान्यांच्या रूपाने उभा आहे. सह्याद्रीच्या उतारांवरील वरकस जमिनीत नाचणी आणि वरी शेजारी-शेजारी पिकतात. दोन्ही हातशेतीची पिके. नाचणीचे दाणे बडवून पाखडले की मोकळे होतात. वरचा पातळ पापुद्रा चोळताच निघून जातो आणि धान्य थेट जात्यावर जाते. वरीचे तूस मात्र ओटप्रमाणेच दाणा सोडत नाही. पूर्वी ती उखळात कांडत. हे बायकांचे पहाटेचे, खांदे मोडणारे काम. कांडण मागे पडले तसे चित्र बदलले. नाचणीची भाकरी पिकवणाऱ्याच्याच चुलीवर टिकून राहिली. वरी मात्र मोठ्या प्रमाणावर तुसासकट बाजारात जाऊ लागली आणि नाशिक परिसरातील गिरण्यांमधून भगर होऊन उपवासाच्या ताटांत पोहोचू लागली. ज्या पाड्यांवर ती पिकते तेथील घरांना शिजवण्यासाठी भगर हवी असेल तर ती पुष्कळदा दुकानातून, विकलेल्या वरीपेक्षा कितीतरी चढ्या भावाने आणावी लागते. भरडधान्यांच्या प्रसाराच्या चर्चेत, विशेषतः २०२३ या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षापासून, बियाणे, हेक्टरी उत्पादन आणि पोषणमूल्ये यांवर बराच भर दिला गेला. गावपातळीवर वरीचे तूस काढणारे छोटे यंत्र कोणाच्या मालकीचे असावे, हा मुद्दा त्या मानाने मागे राहिला आहे. तो पुढे घेतल्यास प्रारंभ पाड्यावरच्या उखळापासून करावा लागेल. कारण ते मोडीत निघाल्यानंतर रिकामी झालेली जागा अद्याप भरलेली नाही.