कुंपणच शेत खाते तेव्हा

लहान मूल एकाएकी सारखे पाणी मागू लागते, रात्री अंथरूण ओले करते, भरपूर जेवूनही वाळत जाते. घरचे म्हणतात, जंत झाले असतील. पण हा मधुमेहही असू शकतो, आणि तो गोड खाल्ल्याने होत नाही.

रोगजंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांमार्फत एकमेकींना निरोप धाडतात. शेतात रानडुक्कर शिरताच राखणदाराने हाळी द्यावी, तसेच हे. या मधुमेहात मात्र हाळीच चुकते. इंटरल्युकिन-१, इंटरफेरॉन-गॅमा, टीएनएफ ही प्रथिने स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला भडकवतात. कुंपणच शेत खाऊ लागते.

ही हाळी पेशींच्या आत पोचू नये म्हणून ऑस्ट्रेलियात बॅरिसिटिनिब या गोळीची चाचणी झाली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुकताच रोग जडलेल्यांनी ४८ आठवडे गोळी घेतली, तेव्हा त्यांच्या शरीरात तयार होणारे इन्शुलिन अधिक टिकले. बहुतेकांची सुई मात्र सुटली नाही.

म्हणून वरील लक्षणे दिसताच त्याच दिवशी मुलाच्या रक्तातील साखर तपासून घ्या. झाडपाल्याच्या भरवशावर इन्शुलिन कधीही बंद करू नका. ते जिवावर बेतते.