रत्नागिरीस जावें तरी केव्हां?

‘रत्नागिरीस जावयाचें आहे, केव्हां जावें?’ हा प्रश्न मला वर्षांतून निदान दहा वेळां तरी विचारला जातो. माझी थोरली बहीण रत्नागिरीस दिलेली आहे आणि मीं स्वतः पुण्याच्या एका शाळेंत आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविला, एवढ्या दोन गोष्टींवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मला या बाबतींतला अधिकारी पुरुष ठरवून टाकलें आहे. वास्तविक मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर; वेधशाळेशीं माझा संबंध वर्तमानपत्रांतील हवामानाच्या रकान्यापुरताच. तथापि पस्तीस वर्षांहून अधिक काळ त्या गांवीं येणेंजाणें असल्यामुळें कांहीं अनुभव पदरीं पडला आहे. त्या अनुभवांत एक मोठी चूकहि आहे, आणि ती सांगितल्याखेरीज या प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें देतां यावयाचें नाहीं.

देशावरच्या माणसाच्या मनांत उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन सारखे कप्पे असतात. रत्नागिरीस हे कप्पे लागू पडत नाहींत. नागपुरास मे महिन्यांत दुपारचा पारा सरासरी बेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. त्याच महिन्यांत रत्नागिरीस तो तेहतिसाच्या आसपास असतो. जानेवारींतील रात्रीं एकोणीस अंशांच्या खालीं पारा फारसा उतरत नाहीं. लोकरी कपड्यांची पेटी तेथें कोणाच्या घरीं असलीच, तर ती पुण्याच्या पाहुण्यांनीं विसरलेली असावयाची. समुद्र शेजारीं असल्यामुळें हवेचे दोन्ही टोकांचे कंगोरे असे झिजून जातात. पण केवळ आंकड्यांवर विसंबूं नये. हवेंतील ओलाव्यामुळें तेथला तेहतीस अंशांचा दिवस पुण्याच्या अडतीस अंशांच्या दिवसाहून अधिक घाम काढतो.

आणखी एक गंमत आहे. नोव्हेंबर महिना म्हणजे थंडीची सुरुवात, असें समजून पुष्कळ मंडळी त्या सुमारास निघतात आणि दुपारीं तेथल्या उन्हानें चकित होतात. नोव्हेंबरांतील रत्नागिरीची दुपार मे महिन्यांतील दुपारीच्या अगदीं जवळ जाते. याचें कारण वाऱ्यांत आहे. मुलांना आपण शाळेंत शिकवितों कीं, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे आणि रात्रीं जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. पावसाळा संपल्यावर पूर्वेकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यांचा जोर वाढतो. सह्याद्रीवरून खालीं उतरतांना ही हवा दाबली जाते आणि तापते. सकाळपासून ती वाहूं लागली म्हणजे खाऱ्या वाऱ्यास किनाऱ्यावर यावयास उशीर होतो, आणि तो येईपर्यंत ऊन आपलें काम करून घेतें. फेब्रुवारी-मार्चमध्यें एखाद्या दिवशीं तर पारा पस्तिसाच्याहि पुढें जातो. उलट मे महिन्यांत खारा वारा सकाळींच सुटतो. म्हणून दुपार सुसह्य, परंतु रात्र मात्र जड आणि निद्रानाशाची. तेव्हां कोणी विचारील कीं, ‘दुपार चांगली हवी कीं रात्र?’ तर हा प्रश्न थट्टेचा नसून खरा आहे. म्हाताऱ्या माणसांना रात्र चांगली हवी असते. त्यांनीं मध्य डिसेंबर ते जानेवारीअखेर हा काळ धरावा.

आतां मे महिन्याविषयीं. शाळामास्तराची सुटी मेमध्यें. म्हणून नोकरींत असेपर्यंत बहिणीकडे मी मेमध्येंच जात असें. अर्धें महाराष्ट्र मंडळहि याच महिन्यांत कोंकणांत उतरतें. कारण उघड आहे: हापूस. आंब्यास मोहोर येतो तो नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड रात्रींनीं. थंडी लांबली तर मोहोर लांबतो आणि आंबा उशिरां येतो. मार्चमधील पहिल्या पेट्या मुंबईच्या श्रीमंतांसाठीं असतात. तुम्हांआम्हांस परवडणारा आंबा अक्षय्यतृतीयेनंतरचा. २०१८ सालीं हापूस या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील आंब्यासच तें लावतां येऊं लागलें. बागेंत जाऊन, आढींतला आंबा वास घेऊन निवडणें हें सुख मी नाकारीत नाहीं. पण या सुखाची एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला आक्कानें दाखविली.

एके वर्षीं आम्ही दोन कुटुंबें मिळून अकरा माणसें तिच्याकडे उतरलों होतों. तिसऱ्या दिवशीं पहाटे मला रहाटाचा आवाज आला. बाहेर जाऊन पाहतों तों आक्का विहिरीवर. रात्रभरांत झिरपून जमलेलें पाणी आम्ही उठण्यापूर्वीं काढून ठेवावें म्हणून ती चार वाजतां उठत होती. मीं घागर घेतली. ती म्हणाली, ‘अरे, तुम्ही सगळे येतां तेव्हां आमच्याकडे पाणी नसतें, आणि पाणी असतें तेव्हां तुम्ही कोणी येत नाहीं.’ तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. पण सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, म्हणजे पुण्याच्या चौपटीहून अधिक पाऊस पडणाऱ्या गांवीं विहीर कोरडी कशी, हें मीं वर्गांत इतकीं वर्षें शिकवूनहि तोंवर नीट समजून घेतलें नव्हतें. तेथील जमीन जांभ्या दगडाची, सच्छिद्र. तींत पाणी मुरतें आणि तितक्याच लवकर झऱ्याओढ्यांतून निघूनहि जातें. नद्या आंखूड, उतार तीव्र, समुद्र जवळ. जूनमध्यें पडलेला थेंब साठवून ठेवणारें कांहींच नाहीं. जिल्ह्यांतील कित्येक वाड्यांना मेमध्यें टँकरचें पाणी घ्यावें लागतें. मे महिन्यांत जावयाचें तर जरूर जावें. पण यजमानाच्या घरीं दोन वेळां डोक्यावरून स्नान करण्याची हौस घरींच ठेवून जावें.

गणेशोत्सवाविषयीं दोनच शब्द. ते दिवस चाकरमान्यांचे. आगगाडींत जागा नाहीं, एस. टी. स जागा नाहीं, आणि ज्याच्या घरीं गणपति नाहीं त्याला तेथें खरें कामहि नाहीं. कोणी आग्रहानें घरीं बोलाविलें तर गोष्ट निराळी.

आतां ती चूक. १९९४ सालच्या ऑक्टोबरांत, सहामाही परीक्षा संपल्यावर, आठवीच्या मुलांची सहल घेऊन मी रत्नागिरीस गेलों. कोंकण रेल्वे तेव्हां पूर्ण झालेली नव्हती. ती संपूर्ण मार्गावर धावूं लागली १९९८ पासून. आम्ही कुंभार्ली घाटानें एस. टी. नें गेलों. लोकमान्यांचें जन्मस्थान पाहिलें, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा पाहिला. १८८५ सालीं पदच्युत झालेला तो राजा येथें कैदेंत राहिला, हा वाडा १९१० सालीं पुरा झाला आणि १९१६ सालीं राजा येथेंच वारला. मुलें त्या गोष्टीनें अगदीं गंभीर झालीं होतीं. तिसरे प्रहरीं काजळी नदीच्या मुखापलीकडील भाट्याच्या किनाऱ्यावर गेलों. आकाश निरभ्र, समुद्र निळा, लाटा लहान. पावसाळा संपला, आतां भय नाहीं, असें मीं ठरविलें आणि मुलांना गुडघ्याएवढ्या पाण्यांत जाण्याची परवानगी दिली. पांच मिनिटांत एक मुलगा दिसेनासा झाला. वाळूंत जाळें पसरून बसलेले दोन खारवी गडी मी ओरडण्याच्या आधींच उठून धांवले होते. त्यांनीं त्याला बाहेर काढलें. मुलगा जगला. पुण्यास परतल्यावर त्याच्या घरीं जाऊन त्याच्या वडिलांना मीं स्वतः सर्व हकीकत सांगितली. ते रागावले नाहींत, आणि तेंच मला अधिक लागलें.

त्यानंतर हा प्रकार काय असतो तें मीं समजून घेतलें. पावसाळ्यांतील उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखालीं तिचे बांध घालतात. पुढें हिवाळ्यांतील मंद लाटा हीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. पण या कामाला महिने लागतात. ऑक्टोबरांत पाण्याखालचा तळ खड्ड्यांचा आणि बांधांचा असतो. लाटेबरोबर आंत आलेलें पाणी दोन बांधांमधील फटींतून एकदम बाहेर जातें, आणि ही परतीची ओढ गुडघाभर पाण्यांतहि माणसाचे पाय उचलते. नदीच्या मुखाजवळ तर ती अधिकच. वरून मात्र समुद्र शांत दिसतो. पाण्यांत उतरण्याची ज्यांना हौस आहे त्यांनीं डिसेंबरापूर्वीं रत्नागिरीचा विचार करूं नये, आणि डिसेंबरांतहि तेथल्या कोळ्यास विचारल्याशिवाय पाऊल टाकूं नये. या एका मुद्द्यावर मी कोणाशीं वाद घालीत नाहीं.

हिवाळ्याचे गुण सांगावयास फार वेळ नको. रत्नदुर्गावर तिन्ही बाजूंनीं समुद्र पाहत निवांत फिरतां येतें. मांडवीची काळी वाळू आणि मिऱ्याकडील पांढरी वाळू एकाच दिवसांत पाहून होते. सड्यावरील कातळशिल्पें पाहावयाचीं असतील तर हाच काळ, कारण पावसाळ्यांत तीं पाण्याखालीं आणि पुढें गवताखालीं असतात. जांभ्याच्या सपाट कातळावर कोरलेलीं हत्तीमाशांचीं हीं चित्रें २०२२ सालीं जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेलीं. सकाळीं लवकर जावें. दहानंतर कातळ तापतो.

आणि पाऊस? निवृत्त होईपर्यंत मीं रत्नागिरीचा पाऊस पाहिला नव्हता. शाळा जूनमध्यें उघडते. मास्तर जाणार कसा? आक्का दर मेमध्यें निरोप देतांना म्हणे, ‘एकदां पावसांत ये.’ तें राहून गेलें तें २०१९ पर्यंत. पाऊस साधारणपणें जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत येतो. २०२५ सालीं मात्र त्यानें मे संपण्याची वाट पाहिली नाहीं. वर्षाच्या पावसाचा सुमारें नऊ-दशांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि एकट्या जुलैचा वांटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. जुलैंत जावें असें मी कोणासहि सांगणार नाहीं. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद. बाजारांत सुकें मासें. घाटांत दरडी. २००३ सालीं जूनमध्यें वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळें गाडी घसरून पन्नासाच्या वर माणसें दगावलीं. पावसाळ्यांत कोंकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगानें चालवितात, त्याबद्दल कुरकुरणाऱ्या प्रवाशानें तें स्मरावें. २०२१ च्या २२ जुलैस चिपळूण बुडालें तेव्हां आगगाडी आणि रस्ता दोन्ही खुंटले. आक्काशीं दोन दिवस बोलणें झालें नव्हतें. त्या दोन दिवसांत कोंकणच्या पावसाचें कौतुक करणारें कांहीं मला वाचवेना.

तरीहि २०१९ सालीं मी गेलों तो काळ मी सुचवितों: अनंतचतुर्दशी झाल्यानंतरचा पंधरवडा, म्हणजे पितृपक्ष. पुष्कळ लोक या दिवसांत प्रवास टाळतात. म्हणून गाडींत जागा मिळते, खानावळींत वाढपी दोनदां विचारतो, खोलीचें भाडें उतरलेलें असतें. ज्यांना तिथि-वाराचा विधिनिषेध आहे त्यांस मी आग्रह करीत नाहीं. माझ्या वडिलांचें श्राद्ध मीं त्या वर्षीं आक्काकडेच केलें. पाऊस असतो, पण तो आतां सरींनीं येतो. मध्यें दोनतीन तास ऊन पडतें. भात पोटरींत आलेलें असतें. सड्यावर, जेथें मेमध्यें पाय ठेववत नाहीं तेथें, बोटाएवढ्या उंचीचीं जांभळीं आणि पिवळीं फुलें दूरवर पसरलेलीं असतात. मीं प्रथम पाहिलीं तेव्हां कोणीतरी मुद्दाम पेरलीं असावींत असें वाटलें. मासेमारी सुरू झालेली असल्यामुळें बाजार भरलेला. आणि विहीर! आक्कानें मला हाताला धरून विहिरीवर नेलें. वांकून तांब्या बुडवावा इतकें पाणी वर आलेलें होतें. ती कांहीं बोलली नाहीं. मी हात घालून पाहिला. पाणी कोंबट होतें.

समुद्र मात्र त्या दिवसांत भिंतीवर बसून पाहावयाचा. मिऱ्याच्या बाजूस लाटा बंधाऱ्यावरून रस्त्यावर येतात; तेथें मुलांचा हात सोडूं नये.

जे निघतील त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चालूं आहे कीं नाहीं, याची चौकशी निघण्याच्या सकाळीं करावी. आदल्या रात्रीची बातमी उपयोगी पडत नाहीं. आणि छत्री न्यावी ती लांब दांड्याची. पुण्यास चालणारी घडीची छत्री तेथल्या पहिल्याच सरींत उलटी होते. माझी झाली, आणि आक्कानें ती अद्याप माळ्यावर ठेवलेली आहे.