मोजणाऱ्याचं शिक्षण

तान्ह्या बाळाचा श्वास मोजणं वरून दिसतं तेवढं सोपं नाही. बाळ एका लयीत श्वास घेत नाही. मध्येच काही क्षण थांबतं, मग भराभर घेतं. अंगावर पीत असेल, रडत असेल तर आकडा वाढतो. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावं, तर चूकही दुप्पट होते. पूर्ण मिनिटभर एक डोळा छातीवर आणि एक घड्याळाच्या काट्यावर ठेवावा लागतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, हा नियम पुस्तकात एका ओळीत मावतो. पण ज्या बाईला खोपटातल्या अंधुक उजेडात हे मोजायचं आहे आणि जिला वीसच्या पुढचे आकडे सवयीचे नाहीत, तिच्यापर्यंत तो कसा पोचवायचा? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने यासाठी एक साधन बनवलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा, लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळ आजारी आहे. दहापर्यंत मोजता आलं तरी पुरे.

या साधनाकडे स्वस्त उपकरण म्हणून पाहिलं तर त्यातली मुख्य गोष्ट निसटते. शिकवणाऱ्यांनी आधी शिकणारीचं मोजणं समजून घेतलं आणि मग पद्धत तिच्या हाताला बेतली, हे त्यात मोलाचं आहे. समाजसेवेच्या क्षेत्रात संशोधन, मूल्यमापन आणि कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण ही तीन खाती बहुधा वेगळी असतात. संशोधक प्रश्नावली आखतो, मूल्यमापन करणारा दोन-तीन वर्षांनी येऊन टक्केवारी काढतो, आणि प्रशिक्षण कुठल्या तरी सभागृहात दोन दिवसांत उरकतं. माझं म्हणणं असं की या तिन्हींतलं खरं पहिलं काम शेवटी टाकलेलं आहे. अहवालातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी हातून कुठल्या तरी घरात जन्माला येतो. तो हात शिकलेला नसेल, तर पुढचं सगळं गणित वाळूवर उभं राहतं.

गडचिरोलीचा नवजात बालकांवरचा प्रयोग याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, म्हणून त्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. ३९ गावांत सेवा द्यायची, ४७ गावं तुलनेसाठी ठेवायची, असा आराखडा होता. १९९३ ते ९५ ही दोन वर्षं आधीची स्थिती नोंदवण्यात गेली. नंतर गावातल्याच बायका आरोग्यदूत म्हणून शिकल्या. पण १९९५-९६ या पहिल्या वर्षी भर निरीक्षणावर होता. ठरलेल्या दिवशी घरी जायचं, वजन, ताप, श्वास, दूध ओढणं पाहायचं आणि लिहायचं. अशी ७६३ बाळं पाहिली गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती आणि डॉक्टरपर्यंत पोचली शंभरात तीनसुद्धा नाहीत. हे सत्य कुठल्याही रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडलं नसतं, कारण ती बाळं तिथे गेलीच नव्हती. ते दिसलं ते घरात बसून पाहायला शिकलेल्या डोळ्यांना. पुढे त्याच आरोग्यदूतांनी जंतुसंसर्गावर घरी उपचार सुरू केले, तेव्हा संसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. हजार जिवंत जन्मांमागे ६२ च्या घरात असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ झाला. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. निरीक्षण शिकवण्यात गेलेला वेळ इथे वाया गेला नाही. उपचारांचा पाया त्याच वर्षात घातला गेला.

मृत्यूची नोंद हा याहून अवघड भाग. बारशाआधी गेलेलं बाळ घरातली माणसं सहसा मोजत नाहीत. ‘किती मुलं झाली?’ या प्रश्नाला हयात मुलांचाच आकडा येतो. बाळ जन्मल्यावर एकदा तरी रडलं का, हललं का, श्वास घेतला का, यावर तो मृतजन्म की नवजात मृत्यू हे ठरतं, आणि हा प्रश्न दुःखातल्या बाईला विचारायचा असतो. तो केव्हा विचारावा, कुणासमोर विचारू नये, ‘पोटातच गेलं’ आणि ‘होऊन गेलं’ यांतला फरक पुढचा प्रश्न विचारून कसा पक्का करावा, हे शिकवावं लागतं. ज्या भागात कार्यकर्ते हे नीट शिकतात, तिथे पहिल्या वर्षी मृत्युदर वाढलेला दिसतो. काम बिघडलेलं नसतं. आजवर न दिसलेले मृत्यू दिसू लागलेले असतात. २००१ साली महाराष्ट्रातल्या १३ संस्थांनी मिळून केलेल्या अभ्यासाचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला, तेव्हा सरकारी दप्तरात बालमृत्यू किती कमी नोंदले जातात हे राज्यापुढे आलं. कागदावर आकडा कमी ठेवण्याचं बक्षीस आणि वाढला तर बोलणी, अशी रीत असेल तर प्रामाणिक सेविकेने काय करावं?

यावर एक आक्षेप रास्त आहे: जी सेवा देते, तिनेच नोंद ठेवली तर आपलं काम चांगलं दाखवण्याचा मोह होणारच, म्हणून मूल्यमापन बाहेरच्यांकडे द्यावं. अर्धा आक्षेप मला मान्य आहे. गडचिरोलीतही जन्म-मृत्यूच्या नोंदी घरोघर फिरून पडताळल्या जात. पण पडताळणी ही मूळ नोंदीचीच होऊ शकते. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्या सर्वेक्षकाला सांगितलं जातं ते वेगळं आणि रोज येणाऱ्या बाईला सांगितलं जातं ते वेगळं. बाहेरचा माणूस चूक पकडू शकतो, न झालेली नोंद निर्माण करू शकत नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा: ३९ गावांत जमलं ते देशात कसं जमेल? हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम देशभर ‘आशा’ या गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे आलं. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर सहा भेटी, घरी झालं असेल तर सात. शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. त्यासाठीचं प्रशिक्षण वीस दिवसांचं, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत आखलेलं. मधल्या काळात गावात जाऊन करून पाहायचं आणि अडलेलं घेऊन परत यायचं, हा त्या फेऱ्यांचा अर्थ. फेऱ्या एकत्र उरकल्या किंवा मधली देखरेख गळाली की दिवसांची बेरीज भरते, शिकणं होत नाही. सगळ्या भेटी पूर्ण केल्याबद्दल आशाला अडीचशे रुपये मिळतात, तेही अर्ज भरून दिल्यावर. भरलेला अर्ज पैशाला कारण होतो. पाहिलेलं बाळ होत नाही. मोठं प्रमाण हे इथे काम फसण्याचं कारण नसून, स्वस्तात उरकण्याची घाई हे आहे.

हा प्रश्न नोंदीच्या भाषेचाही आहे. २०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा निकृष्ट फोनइतकीच मोठी तक्रार मुलांच्या नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप इंग्रजीत असल्याची होती. त्याकडे तंत्रज्ञानाला विरोध म्हणून पाहणाऱ्यांनी काय नाकारलं जातंय हे नीट ऐकलं नाही. जी बाई झोळीचा काटा आधी शून्यावर आणते, बाळाचं जाड दुपटं काढायला लावते आणि सुई स्थिर होईपर्यंत श्वास धरून थांबते, तिला आपण लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. गेल्या महिन्याचं वजन आणि या महिन्याचं वजन शेजारी ठेवून, हे मूल का थांबलं, असा प्रश्न आधी तिलाच पडायला हवा. जिल्ह्याच्या बैठकीत तो पडेपर्यंत आणखी एक महिना गेलेला असतो.