चाकांच्या खुर्चीवरील टेबल टेनिस आणि श्रीमती भाविना पटेल

दिनांक २९ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे राष्ट्रीय क्रीडादिनी, टोकियो येथील पॅरालिंपिक स्पर्धेत श्रीमती भाविना पटेल यांनी टेबल टेनिसमध्ये रौप्यपदक मिळविले. त्या वेळी महासाथीमुळे आपल्या प्राथमिक शाळा बंद होत्या. फळ्यावर दिनविशेष लिहावयास शिक्षक नव्हते आणि वाचावयास मुलेही नव्हती. त्यामुळे एरवी ज्या वार्तेवर परिपाठात दोन दिवस बोलणे झाले असते, ती आपल्या वर्गांपर्यंत पोहोचलीच नाही. शिवाय ज्यांनी ती वाचली त्यांपैकी पुष्कळांना हा खेळ बसून कसा खेळतात, त्याचे नियम कोणते, याची कल्पना नसते. शिक्षकबंधु-भगिनींना ती यावी, एवढ्याचसाठी हा लेख.

या खेळाचा उगम रुग्णालयात आहे. नाझी जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडात आलेले डॉक्टर लुडविग गुटमान यांच्याकडे १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयातील पाठीच्या कण्याच्या दुखापतींचा विभाग सोपविण्यात आला. तेथे येणारे बहुतेक रुग्ण युद्धात जायबंदी झालेले तरुण सैनिक होते. असा रुग्ण अंथरुणास खिळला म्हणजे संपला, अशी तेव्हाची समजूत होती. गुटमान यांनी खेळ हा उपचाराचाच भाग मानला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात धनुर्विद्येचा सामना भरविला. त्यात अवघे सोळा स्पर्धक होते. त्यातूनच पुढे १९६० साली रोम येथे पहिली पॅरालिंपिक स्पर्धा झाली आणि टेबल टेनिस हा खेळ तीत पहिल्यापासून आहे.

या खेळाशी आपल्या महाराष्ट्राचाही एक जुना धागा आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, हे आता पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्याआधी १९६८ साली तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

आता खेळाविषयी. टेबल तेच असते. लांबी २७४ सेंटिमीटर, रुंदी साडेबावन्न सेंटिमीटर अधिक एक मीटर, जमिनीपासून उंची ७६ सेंटिमीटर. जाळीची उंचीही तीच, सव्वापंधरा सेंटिमीटर. डाव अकरा गुणांचा. तेव्हा बदलते काय? बसलेला खेळाडू पुढे झेप घेऊ शकत नाही व बाजूला उडीही मारू शकत नाही. उभ्या खेळाडूने आरंभीचा चेंडू, म्हणजे सर्व्हिस, तिरपी मारून टेबलाच्या बाजूने बाहेर काढली तर ती हुशारी समजली जाते. बसलेल्याविरुद्ध तसे केल्यास खेळच उरणार नाही. म्हणून येथे सर्व्हिसचा चेंडू समोरच्याच्या टेबलावर पडल्यावर मागच्या कडेवरूनच गेला पाहिजे; तो बाजूने निसटला किंवा उलट फिरून जाळीकडे परतला तर गुण कोणालाच नाही, सर्व्हिस पुन्हा. हा निर्बंध सर्व्हिसपुरताच आहे. त्यानंतरच्या फटक्यांत चेंडू कोठेही टाकता येतो, आणि जाळीलगत अलगद टाकलेला चेंडू हेच बसून खेळणाऱ्यांचे मोठे अस्त्र असते. खुर्ची टेबलाखाली नीट सरकावी म्हणून टेबलाचे पाय मागच्या कडेपासून किमान चाळीस सेंटिमीटर आत असावे लागतात. खेळताना पाय जमिनीस टेकून आधार घेता येत नाही.

याहून महत्त्वाचा भाग वर्गवारीचा आहे. खेळाडूंचे अकरा वर्ग पाडलेले असतात. पहिले पाच बसून खेळणाऱ्यांचे, सहा ते दहा उभ्याने खेळणाऱ्यांचे, आणि अकरावा बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा. आकडा जितका लहान तितकी अडचण मोठी. पहिल्या वर्गातील खेळाडूस बसल्या जागी तोल सावरता येत नाही आणि खेळणारा हातही दुर्बल असतो. पुष्कळ वेळा बॅट हातास बांधावी लागते. पाचव्या वर्गातील खेळाडूचे धड जवळजवळ संपूर्ण त्याच्या ताब्यात असते. श्रीमती पटेल चौथ्या वर्गात खेळतात. म्हणजे दोन्ही हात सक्षम, बसण्याचा तोल बरा, परंतु कमरेपासूनची हालचाल मर्यादित. शिक्षकाने येथे थोडे थांबावे. वर्गवारी ही दया नव्हे व सूटही नव्हे. कुस्तीत वजनगट पाडतात त्यात आणि यात तत्त्वाचा काहीच फरक नाही. हे मुलांना पटकन समजते. मोठ्यांना समजावयास वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

श्रीमती पटेल यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९८६ रोजी गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात, वडनगर तालुक्यातील सुंढिया या गावी झाला. वडिलांचे लहानसे दुकान. साधारण वर्षाची असताना मुलीला बालपक्षाघात, म्हणजे पोलिओ झाला. पुढे शस्त्रक्रियेचाही प्रयत्न झाला, परंतु पायांत बळ आले नाही. (भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला; त्या कामी घरोघर हिंडलेल्यांत आपले शिक्षकही होते.) अहमदाबादेच्या अंधजन मंडळात संगणकाचा अभ्यासक्रम शिकावयास त्या गेल्या आणि तेथे टेबल टेनिस पाहिला. तोवर खेळाडू होण्याचा विचार त्यांच्या वा घरच्यांच्या मनात असल्याचे दिसत नाही. श्री. ललन दोशी यांनी त्यांना तयार केले. प्रारंभी मनोरंजन, मग स्पर्धा, मग परदेश असा हा प्रवास झाला. २०११ साली थायलंडमधील स्पर्धेत व २०१३ साली बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळाले, आणि २०१८ साली जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत श्रीमती सोनल पटेल यांच्या जोडीने दुहेरीचे रौप्यपदक मिळाले.

टोकियोतील त्यांचा पहिला सामना चीनच्या झोऊ यिंग यांच्याशी होता. बीजिंग २००८ व लंडन २०१२ या दोन्ही स्पर्धांतील एकेरीचे सुवर्णपदक ज्यांच्याकडे, अशा त्या खेळाडू. तो सामना श्रीमती पटेल सरळ तीन डावांत हरल्या. आरंभीच असा पराभव झाला म्हणजे पुष्कळांचा हुरूप तेथेच संपतो. त्यांनी पुढचा गटसामना जिंकून बाद फेरी गाठली. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी सर्बियाच्या बोरिस्लाव्हा पेरिच-रांकोविच यांना ११-५, ११-६, ११-७ असे हरविले. या रिओ येथील २०१६ च्या सुवर्णपदकविजेत्या. उपांत्य फेरीत समोर चीनच्या झांग मियाओ होत्या. रिओची अंतिम फेरी याच दोघींत झाली होती. झांग यांच्याकडून श्रीमती पटेल यापूर्वी अनेकदा हरलेल्या होत्या. पहिला डाव ७-११ असा गेला. पुढचे दोन त्यांनी घेतले, चौथा ९-११ असा पुन्हा गेला, आणि पाचवा ११-८ असा जिंकला. हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारावे, की सामना कोठे हातचा गेला असता? गुणांच्या बेरजेपेक्षा डावांचा क्रम पाहावयास मुले आपोआप शिकतात. अंतिम फेरीत पुन्हा झोऊ यिंग आल्या आणि त्यांनी ११-७, ११-५, ११-६ असा विजय मिळविला. तथापि पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिसचे पदक मिळविणाऱ्या श्रीमती पटेल या पहिल्या भारतीय ठरल्या.

त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत तीन ते पाच हे वर्ग एकत्र खेळविण्यात आले होते, तेथे त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे कांस्यपदक. २०२४ साली पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत समोर आल्या त्या झोऊ यिंगच, आणि श्रीमती पटेल यांना तेथून परतावे लागले. हा शेवटचा भाग गाळून चरित्र सांगू नये. विजयाच्याच कथा ऐकलेल्या मुलाला खेळ खोटा वाटू लागतो.

आता आपल्या शाळेकडे वळू. तपासणीच्या वेळी मी खेळाच्या तासास आवर्जून थांबतो. पुष्कळ शाळांत एक मूल पायरीवर बसलेले असते व त्याच्याभोवती इतरांच्या चपला, दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात. त्याला राखण करावयास सांगितलेले असते. शिक्षकांच्या मनात वाईट काही नसते. किंबहुना धावपळीत त्याला इजा होऊ नये हीच काळजी असते. काही ठिकाणी गुण मांडण्याचे काम देतात, ते त्यापेक्षा बरे, परंतु वर्षभर तेच काम दिले तर तीही राखणच होय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ मध्ये अशा मुलांना शिक्षणाबरोबरच खेळ व करमणूक यांची संधी इतरांच्या बरोबरीने देण्याचे शाळांचे कर्तव्य सांगितले आहे. उतारमार्ग बांधला म्हणजे कायदा पाळला गेला, असा समज काही मुख्याध्यापकांचा आहे. उतारमार्गाने मूल वर्गात येते. मैदानावर त्याला आणावयाचे काम आपलेच असते.

टेबल विकत घेण्यास निधी नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी थांबण्याचे मात्र कारण नाही. सारख्या उंचीची दोन बाके किंवा जुनी टेबले जोडावीत, मध्ये दोन विटांवर पट्टी आडवी टाकावी, फळीचे तुकडे कापून बॅट कराव्यात. विकत घ्यावा लागतो तो चेंडू. चाकांची खुर्ची नसल्यास हात नसलेली साधी, न डगमगणारी खुर्ची चालते. ती टेबलाखाली गुडघे जातील इतकी पुढे सरकवून चारही पायांशी विटा लावाव्यात. बाकाखाली आडवी दांडी असेल तर तसले बाक घेऊ नये, गुडघे अडतात. आणि त्या मुलासमोर खेळणाऱ्यासही खुर्चीवरच बसवावे, सर्व्हिसचा नियम दोघांसही लावावा. पहिले आठ-दहा दिवस चेंडू जमिनीवरच अधिक पडेल. तो वेचून आणण्यासाठी दोन मुले पाळीपाळीने नेमावीत, आणि त्या दोघांची खेळण्याची पाळी चुकणार नाही हे पाहावे.