पेशी वाढल्या म्हणजे काय?

साध्या तापात आपल्या हाती पडतो तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा कागद. मोठ्या माणसात पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटरला साधारण 4,000 ते 11,000. ठळक आकड्यापुढे ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) दिसला की ‘इन्फेक्शन’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याला भारी घाई! पण स्टेरॉइड, भाजणं, गरोदरपण यांनीही आकडा चढतो. डेंग्यू, टायफॉइडमध्ये उलट बरेचदा उतरतो. खरी गंमत खालच्या, पांढऱ्या पेशींच्या प्रकारांच्या टक्केवारीत. न्यूट्रोफिल वाढले तर बहुधा जिवाणू, इओसिनोफिल वाढले तर अ‍ॅलर्जी किंवा पोटातले जंत. नुसता आकडा पाहून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू नका.