पावसाआधी हत्यारे पारखून घ्या

मृग जवळ आला की संगमेश्वर, देवरुखच्या बाजारात हातोडी, कोयत्याला गिऱ्हाईक वाढते. घाईत स्वस्त ते उचलले जाते. शेतकरी बंधूंनो, रंग पाहू नका, दांडा पाहा. लाकडाचे तंतू लांबीत सरळ हवेत, गाठ नको. सैल हातोडी पाण्यात बुडवायची सवय सोडा. दांडा फुगतो खरा, पण वाळला की आणखी ढिला होतो; कौलांवर चढून ठोकताना डोके निसटले तर खालच्या माणसाचे काय? त्यापेक्षा लाकडी पाचर मारा, पैसाही लागत नाही. कोयता घेताना धारेवर कानस फिरवा. सहज खोल खात असेल तर लोहाराने पाणी नीट दिलेले नाही. कोयता रोजचा, तिथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. करवत मात्र वाडीत एक पुरे, फक्त मागून नेणाऱ्याने ती परत करावी!