भयपट आणि त्यांतील खलपुरुष

भीती ही कोणालाच नकोशी असते; तरीही पदरचे पैसे मोजून, अंधाऱ्या सभागृहात दोन-अडीच तास भीतीच्या स्वाधीन होण्यास माणूस आनंदाने तयार होतो. या विसंगतीचे उत्तर आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीच दिले आहे. भरतमुनींनी नाट्याचे जे आठ रस सांगितले त्यांत भयानक आणि बीभत्स या दोघांनाही मानाचे स्थान आहे. भय हा भयानकाचा स्थायीभाव, तर जुगुप्सा हा बीभत्साचा. प्रत्यक्षातले भय आपल्याला पळायला लावते. रंगभूमीवरचे भय आपल्याला जागेवर खिळवून ठेवते आणि विचार करावयास सवड देते. दोहोंत हाच काय तो फरक.

रामटेककरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कालिदासाच्या यक्षाने शापाचे वर्ष ज्या रामगिरीवर काढले तो गिरी म्हणजे आपले रामटेकच, असे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या पंडितांनी साधार प्रतिपादिले आहे. यक्ष हा लोकसमजुतीत माणसाला झपाटणारा. पण कालिदासाने त्याला रडता येते हे दाखविले. याच विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती. त्याच्या ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात स्मशान आहे, भुते-पिशाचे आहेत, आणि चामुंडेपुढे मालतीचा बळी द्यावयास निघालेला अघोरघंट नावाचा कापालिकही आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्मशानातली भुते माधवाचे काहीच वाकडे करीत नाहीत; शस्त्र उगारतो तो जिवंत माणूस. खलपुरुष भूत की माणूस, हा भयपटांचा सनातन प्रश्न आठव्या शतकातल्या या वैदर्भीय नाटककाराने असा मांडून ठेवला आहे.

पाश्चात्य चित्रपटांनी आरंभी खलपुरुष परका ठेवला. जर्मनीतील ‘नोस्फेरातू’ (१९२२) आणि अमेरिकेतील ‘ड्रॅक्युला’ (१९३१) यांतला रक्तपिपासू उमराव दूरदेशाहून येतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) मध्ये राक्षस प्रयोगशाळेत निपजला. हिरोशिमा-नागासाकीचा वणवा सोसलेल्या जपानने १९५४ साली ‘गोझिला’ निर्माण केला. अणुस्फोटाने जागे झालेले ते श्वापद होते. पुढे हिचकॉकच्या ‘सायको’ने (१९६०) रस्त्याकाठच्या खानावळवजा लॉजचा सौम्य, लाजाळू मालकच खुनी ठरविला. परका गेला आणि शेजारी आला.

आपल्याकडचा क्रम मात्र निराळा. कमाल अमरोहींच्या ‘महल’मध्ये (१९४९) हवेलीत फिरणारी, गाणारी छाया अखेरीस माळ्याची मुलगी निघते. ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) यांतही भुताच्या मागे हाडामांसाची माणसे आहेत. कोणाला सूड हवा, कोणाला इस्टेट. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’त (१९५८) आत्मा खरा आहे, परंतु तो न्यायाच्या बाजूने उभा राहतो आणि दुष्टावा जमीनदाराकडे जातो. त्या काळच्या प्रेक्षकाला धुके, मेणबत्ती आणि दूरचा सूर एवढे पुरत असे. शेवटी दिवा लागे, कोडे सुटे आणि बुद्धीचा विजय होई. मराठीतल्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटानेही नायिकेला छळणाऱ्या छायेचा उगम मनात शोधला.

पुढे रामसे बंधू आले. ‘दो गज ज़मीन के नीचे’पासून (१९७२) त्यांनी दिवा मुद्दाम लावलाच नाही. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी खराखुरा सैतान आहे. त्याचे मुंडके पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेले. दोन्ही एकत्र आली की संहार सुरू. येथे कारणमीमांसेला जागा नाही; त्रिशूळ आणि देवळाची घंटा हाच उपाय. भयानकाची जागा बीभत्साने घेतली, असे भरताच्या भाषेत म्हणता येईल. या चित्रपटांना टीकाकारांनी नाके मुरडली, पण लहान गावांच्या थिएटरांनी त्यांना उदंड आश्रय दिला. मराठी माणसाने मात्र सैतानाचीही थट्टा केली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’त (१९९३) तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्ये यांच्या त्या बाहुल्याला मुले भ्याली, हसली आणि पुन्हा पाहावयास गेली.

नंतर भूत वाडा सोडून शहरात आले. रामगोपाल वर्मांच्या ‘भूत’ (२००३) मध्ये ते मुंबईच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहते. भीतीला आता पडक्या भिंतींची गरज उरली नाही.

गेल्या काही वर्षांतला बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) उसाच्या फडात गरोदर स्त्रीला घेरणारी भुते आहेत खरी, पण त्यांच्या मुळाशी आहे ती मुलींची हत्या. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चे (२०१८) बीज तर आपल्या शेजारच्या नागझिऱ्याच्या जंगलात पडले, तेथे एका मित्राने बर्वे यांना नारायण धारपांची कथा ऐकविली होती. त्यातला हस्तर सोन्याचा धनी, पण अन्नाला मोताद. माणूस कणकेची बाहुली दाखवून त्याच्या कमरेचे सोने लुबाडतो आणि तोच धडा मुलाला शिकवितो. मग राक्षस कोण? हस्तर जागच्या जागी बंदिस्त असतो; विहिरीत पुन्हा पुन्हा उतरतो तो माणूस. अघोरघंटाकडून निघालेले वर्तुळ येथे पुरे होते.

हा केवळ करमणुकीचा इतिहास नव्हे. भीतीला आपण कोणाचा चेहरा देतो, यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. पडद्यावर हडळ नेहमी स्त्री असते. गावातही करणीचा आळ बहुधा एकट्या, निराधार बाईवरच येतो. अंगात आलेले भूत उतरविण्याच्या नावाखाली आजाऱ्याला मारहाण होते, डॉक्टरकडे नेण्याचा वेळ निघून जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने मारणे, एखाद्यावर जादूटोण्याचा आळ घेऊन त्याचे जगणे कठीण करणे, हे त्यात गुन्हे ठरले आहेत. पण कायदा हातातली काठी हिसकावून घेईल. मनातला संशय काढणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते काम शिक्षणाचे, आणि काही अंशी कलेचेही.

म्हणून भयपट पाहूच नयेत असे मी म्हणणार नाही. मुलांना तर घाबरण्याची हौसच असते, आणि थोरांनाही ती असली तर बिघडत नाही. मात्र खेळ संपून दिवे लागले की एक प्रश्न स्वतःला विचारावा: या कथेत अपराध कोणाचा होता, आणि शिक्षा कोणाला झाली? चांगला भयपट या प्रश्नाने आपल्याला अस्वस्थ करतो. वाईट भयपट तो विचारूच देत नाही. नुसता किंचाळून घरी पाठवितो.

भुताची भीती सकाळी ओसरते. माणसाने माणसाविषयी मनात धरलेली भीती मात्र उजेडातही टिकते, आणि सांभाळावयाचे आहे ते तिलाच.